कारणाचा रकाना

क्रेडिट रिपोर्ट म्हणजे आपण कर्जं आणि कार्डांची बिलं कशी फेडली याची नोंद. त्यात प्रत्येक खात्याखाली एक तक्ता असतो. एका चौकोनात एक महिना, असे सिबिलच्या रिपोर्टमध्ये ३६ महिने दिसतात. पैसे वेळेवर भरले असतील तर चौकोनात तीन शून्यं. उशीर झाला असेल तर किती दिवसांचा, तो आकडा: ०३०, ०६०, ०९०. बँकेनं त्या महिन्याची माहितीच कळवली नसेल तर तीन फुल्या. मी बरीच वर्षं एका बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली. तिथे असे तक्ते रोज डोळ्यांखालून जायचे. शून्यांची सलग रांग दिसली की पान उलटायचं, मध्येच मोठा आकडा दिसला की पेन्सिलनं खूण करायची. अर्जदार समोर असायचाच असं नाही. बहुतेक वेळा फक्त कागद असायचा.

माझ्या मावसभावाचा रिपोर्ट हाती आला तेव्हा प्रथमच असं झालं, की ज्याच्या नावाचे ते आकडे होते तो माणूस शेजारी बसून मला प्रत्येक चौकोनाची हकीकत सांगत होता.

दादा माझ्याहून मोठा, लहानपणी माझा अभ्यास घेणारा. त्याचा छोटासा व्यवसाय. ज्या कंपनीला तो माल पुरवायचा तिच्याकडे त्याची बिलं अडकली आणि नेमकं त्याच सुमारास मावशीचं हृदयाचं ऑपरेशन निघालं. विम्याचे पैसे पुरले नाहीत. तीन क्रेडिट कार्डं होती, ती पुढे केली. आधी पूर्ण बिल भरणं थांबलं, मग नुसती किमान रक्कम भरणं सुरू झालं, मग तेही जमेना. आणि हे सगळं घरात कुणाला कळू न देता.

त्यानं एका चौकोनावर बोट ठेवलं. "हा आईच्या दुसऱ्या ऑपरेशनचा महिना." मग पुढच्यावर. "ह्या महिन्यात कामगारांचे पगार दिले, कार्ड राहिलं. त्यांना थांबा म्हणायला माझी जीभ रेटली नसती." बोट सरकत गेलं. एका ठिकाणी तो काहीच बोलला नाही, मीही विचारलं नाही.

"दादा, हे बँकेला कधी कळवलंस का?"

"कळवून काय होणार होतं? ह्यात लिहायला जागा कुठंय?"

जागा खरंच नाही. उशीर किती दिवसांचा, हे त्या तक्त्याला कळतं. का झाला, हे कळत नाही. आईच्या शस्त्रक्रियेमुळे राहिलेलं बिल आणि चैनीपायी राहिलेलं बिल तिथे एकाच आकड्यानं लिहिलं जातं. त्या दिवशी मला याचा फार राग आला. पण नोकरीतली वर्षं आठवली तसं लक्षात आलं, की या आंधळेपणाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

क्रेडिट ब्युरो, म्हणजे असे रिपोर्ट तयार करणाऱ्या कंपन्या, येण्याआधी कर्ज देताना कारण विचारलं जायचंच. पण कुणाला? ज्याची साहेबांशी ओळख आहे, ज्याच्यासाठी कुणी शब्द टाकणारं आहे, त्याला. बाकीच्यांची फाइल कारण न विचारताच बाजूला पडायची. आपल्याकडे सिबिलची स्थापना २००० साली झाली, २००५ मध्ये क्रेडिट माहिती कंपन्यांसाठी कायदा आला, आणि आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या हे काम करतात. ३०० ते ९०० मधला जो आकडा आपण स्कोअर म्हणून बघतो, त्यात तुमचा पगार नसतो, बँकेतली शिल्लक नसते, आडनाव नसतं. वेळेवर भरलं का, मिळालेल्या मर्यादेतली किती वापरली, खाती किती जुनी, कर्जं कोणत्या प्रकारची, अलीकडे किती ठिकाणी अर्ज केले, एवढंच त्यात धरलेलं असतं. ज्या तक्त्याला दादाची अडचण दिसली नाही, त्याला दादाबद्दल राग धरणंही जमत नाही. पुढच्या महिन्याचा चौकोन त्याच्यासाठी कोराच असतो. तिथे तीन शून्यं पडली की ती पडली. "पूर्वी का बुडवलेस" असं कुणी विचारत नाही. मला यात मोठा दिलासा वाटतो, आणि थकबाकीतून उठू पाहणाऱ्या माणसाच्या मनात ही गोष्ट सगळ्यात आधी उतरायला हवी असंही वाटतं. कारण अशा माणसाला लाज खात असते. लाजेपायी तो पाकिटं उघडत नाही, फोन उचलत नाही, रिपोर्ट काढून बघत नाही, आणि खरं नुकसान त्या न बघण्यात होतं.

ते कसं होतं, हे दादाच्याच एका स्टेटमेंटवर आम्ही मांडून बघितलं. सोपे आकडे घेऊ. समजा कार्डावर १ लाख रुपये बाकी आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. म्हणजे महिन्याचं व्याज ३,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६३०. किमान देय रक्कम बाकीच्या ५ टक्के धरली तर ती ५,००० येते. माणूस पोटाला चिमटा काढून ५,००० भरतो आणि त्याला वाटतं, या महिन्याचं झालं. मुद्दलातून कमी झालेले असतात ८७० रुपये. शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत जाते, त्यामुळे त्या महिन्यात कार्डावर घेतलेल्या औषधांवरही पहिल्या दिवसापासून व्याज. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल, असा इशारा स्टेटमेंटवर ठळक छापायला रिझर्व्ह बँकेनं लावलेलं आहे. तो छापलेलाही असतो. पण अडचणीतल्या माणसाची नजर आधी किमान रकमेच्या आकड्यावर जाते, कारण तेवढाच त्याच्या आवाक्यातला असतो. त्याला मी दोष देणार नाही.

किमान रक्कमही भरली गेली नाही आणि देय तारखेपासून ९० दिवस उलटले, की ते खातं बँकेच्या दृष्टीनं अनुत्पादक (एनपीए), म्हणजे वसुली अडकलेलं, ठरतं. या ९० दिवसांत करण्यासारखं बरंच असतं. बँकेला लिहून कळवता येतं, थकबाकीचे हप्ते पाडून मागता येतात. कार्डाचं व्याज ज्या दरानं चढतं त्याहून हप्त्यांचा दर बहुधा कमी असतो. बँक हो म्हणेलच असं नाही, पण विचारणाऱ्याची नोंद राहते आणि न विचारणाऱ्याच्या दारात वसुलीवाले येतात. एखादा दिवस उशीर झाला म्हणून घाबरून जायचंही कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे देय तारीख उलटून तीन दिवसांहून जास्त झाल्यावरच बँकेला ते कार्ड थकीत म्हणून कळवता येतं आणि उशिराचा आकार लावता येतो.

वसुलीच्या फोनांबद्दल दादा फार कमी बोलला. एवढंच म्हणाला, की जेवताना फोन वाजला की घास अडकायचा. त्याच्या बायकोच्या भावालाही फोन गेला होता. हे नियमात बसत नाही, हे त्याला माहीत नव्हतं. वसुली एजंटानं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांना आणि मित्रांना त्रास द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलेलं आहे. कर्ज थकलं म्हणजे माणसानं स्वाभिमान गहाण टाकलेला नसतो. असा फोन आला तर तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवावा आणि बँकेकडे लेखी तक्रार करावी.

याच फोनांमधून एक दिवस सेटलमेंटचा विषय निघाला. "साहेब, एवढे भरून टाका, फाइल बंद करतो." दोन कार्डांच्या बाबतीत दादानं ते मान्य केलं. मावशीच्या नावावरची एक ठेव मोडली, पैसे भरले, आणि तो त्या रात्री शांत झोपला. पुढे रिपोर्टमध्ये त्या दोन खात्यांसमोर 'सेटल्ड' असं आलं. त्याचा समज असा, की सेटल्ड म्हणजे मिटलं. कर्ज देणारा ते असं वाचतो, की या माणसानं ठरल्यापेक्षा कमी भरलं आणि उरलेलं बँकेनं सोडून दिलं. आमच्या टेबलावर 'सेटल्ड' आणि 'राइट-ऑफ' (बँकेनं बुडीत म्हणून हिशेबातून काढलेलं) हे दोन शेरे दिसले की पेन्सिलीची खूण हमखास पडायची. क्रेडिट कंपन्यांना ही माहिती किमान सात वर्षं जपून ठेवावी लागते, त्यामुळे तो शेरा आठवड्या-महिन्यात पुसला जाईल अशी आशा ठेवू नये.

म्हणून सेटलमेंट करूच नये, असं काही लोक ठणकावून सांगतात. मला ते पटत नाही. ज्याच्याकडे पूर्ण रक्कम भरायची कोणतीच वाट उरलेली नाही, त्यानं वर्षानुवर्षं व्याजाखाली दबून राहण्यापेक्षा सेटलमेंट करून मोकळं व्हावं. फक्त त्याची किंमत आधी कळलेली असावी. आणि पैसे भरण्याआधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र हातात असावं: किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत, त्यानंतर काही येणं राहणार नाही. एजंटच्या स्वतःच्या खात्यात एक रुपयाही टाकू नये. पुढे हात मोकळा झाला, तर बँकेला विचारून सोडलेली बाकीही भरता येते आणि शेरा बदलून 'क्लोज्ड' करून मागता येतो. दादानं एका कार्डाचं तसं केलं. बँकेनं आधी उत्तरच दिलं नाही. मग पुन्हा लिहिलं, शाखेत जाऊन पोच घेतली, तेव्हा हिशेब मिळाला. भरल्यावर नो ड्यूज सर्टिफिकेट घेतलं. तो कागद आज त्याच्या फाइलमध्ये सगळ्यात वर आहे. दुसऱ्या कार्डाचं अजून राहिलं आहे.

तिसऱ्या कार्डाची गंमत नव्हती, मनस्तापच होता. ते त्यानं पूर्ण भरून बंद केलं होतं, तरी रिपोर्टमध्ये थकबाकी दिसत होती. म्हणजे जिथे त्यानं शब्द पाळला तिथेही तो थकीतच. अशा चुका दुर्मीळ नाहीत, आणि रिपोर्ट न बघणाऱ्याला त्या कधीच कळत नाहीत. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. २०१७ पासून तो आपला हक्क आहे. स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढल्यानं स्कोअर कमी होत नाही, हेही इथेच सांगते, कारण या भीतीनं रिपोर्ट न काढणारे मला कितीतरी भेटले आहेत. चूक आढळली तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवता येते. ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट कंपन्यांविरुद्धची तक्रारही तिथे घेतली जाते. दादानं पैसे भरल्याची पावती जोडून हरकत घेतली आणि ते खातं दुरुस्त झालं. नंतर बाकीच्या तीन कंपन्यांचे रिपोर्टही काढून ताडून बघितले, कारण प्रत्येकीकडची नोंद वेगळी असते आणि एकीकडे सुधारलेलं दुसरीकडे तसंच राहिलेलं असू शकतं.

या टप्प्यावर त्याला एक जाहिरात दिसली: पैसे भरा, स्कोअर वाढवून देतो, जुने शेरे काढून टाकतो. त्यानं मला फोन केला हे बरं झालं. खरी नोंद कुणालाही काढता येत नाही. चुकीची नोंद आपली आपल्याला फुकट काढून घेता येते. या दोन्हींच्या मध्ये विकत घेण्यासारखं काही उरत नाही, आणि आधीच पिचलेल्या माणसाकडून असे पैसे उकळणाऱ्यांबद्दल माझ्या मनात जराही सहानुभूती नाही.

मग राहतं ते नवे चौकोन भरण्याचं काम. इथे अडचण अशी, की स्कोअर खराब असलेल्याला कुणी नवं कार्ड देत नाही आणि काही वापरल्याशिवाय नव्या नोंदी तयार होत नाहीत. यातून निघायला मुदत ठेवीवरचं कार्ड उपयोगी पडतं. बँकेत ठेव ठेवायची, तिच्या ठरावीक भागाएवढी मर्यादा कार्डावर मिळते. ठेव तारण असल्यामुळे बँक सहसा जुना स्कोअर बघून अडवत नाही, आणि नोंद मात्र इतर कार्डांसारखीच जाते. दादा सुरुवातीला तयार नव्हता. "पुन्हा कार्ड? नको गं." त्याचा तो नको मला समजत होता. ज्या वस्तूनं झोप उडवली ती पुन्हा पाकिटात ठेवायची म्हणजे धैर्यच लागतं. वहिनीनं तोडगा काढला. कार्ड घरातच राहील, त्यावरून फक्त वीजबिल जाईल आणि पूर्ण रक्कम बँकेतून आपोआप वळती होईल, असं तिनं लावून दिलं. दर महिन्याला स्टेटमेंट उघडून बघण्याचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. घरात हा विषय मोकळेपणानं बोलला जाऊ लागला तो तेव्हापासून. मला विचाराल तर स्कोअर सुधारण्यात त्याचा वाटा त्या कार्डाइतकाच आहे.

मर्यादेच्या किती टक्के वापर असावा याचा एक ढोबळ आडाखा आहे, ३० टक्क्यांच्या आत. स्टेटमेंट निघण्याच्या दिवशी जी बाकी असते तीच बहुधा पुढे कळवली जाते. म्हणून वापर जास्त झालाच असेल तर देय तारखेची वाट न बघता स्टेटमेंट निघण्याआधीच काही भाग भरून टाकावा. बँका ही माहिती पूर्वी महिन्यानं कळवायच्या. जानेवारी २०२५ पासून ती निदान पंधरवड्याला कळवणं बंधनकारक झालं, त्यामुळे चांगलं वागणंही लवकर दिसू लागलं. आणि या काळात चार ठिकाणी अर्ज टाकू नयेत. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये उमटते, आणि ओळीनं नकार घेतलेला माणूस पैशासाठी व्याकूळ झालाय असं वाचलं जातं.

स्कोअर सरळ रेषेत वर जात नाही. दादाचा बरेच महिने हललाच नाही. तो चिडला. मग एकदम वर गेला, पुन्हा थोडा खाली आला. मी त्याला स्कोअर बघायचं सोडून तक्ता बघायला लावलं. तक्ता खोटी आशा दाखवत नाही. एका टोकाला नवा महिना येतो, दुसऱ्या टोकाचा जुना महिना ३६ च्या बाहेर जातो. मावशीच्या दुसऱ्या ऑपरेशनचा महिना आता दिसेनासा झाला आहे. मावशी बरी आहे, रोज फिरायला जाते. 'सेटल्ड' शेरा अजून आहे, तो सोबत घेऊनच पुढचं सगळं करायचं आहे.

आता त्याला यंत्रासाठी कर्ज हवंय. बँका साधारण ७५० च्या वरचा स्कोअर पसंत करतात आणि त्याचा तिथपर्यंत पोचलेला नाही. मी त्याला सांगितलं, अर्ज नुसता ऑनलाइन टाकू नकोस, शाखेत जाऊन दे आणि सोबत एका पानाचं पत्र जोड. नोकरीत मी पाहिलेलं आहे, काठावरच्या फाइलीत असं पत्र असेल तर ते वाचलं जातं. तक्त्यात नसलेला रकाना तिथे माणसाच्या हातानं भरता येतो. मात्र विनवणी नको आणि कुणावर ठपकाही नको. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत पैसे थकले, त्या काळात काय घडलं, त्याचा पुरावा म्हणून हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड आणि अडकलेल्या बिलांच्या प्रती, त्यानंतर कोणत्या तारखेपासून सगळं वेळेवर चाललंय, आणि सेटल केलेल्या राहिलेल्या कार्डाची बाकी कधीपर्यंत भरणार. दादानं पहिला मसुदा लिहून पाठवला. त्यात "परिस्थितीमुळे" हा शब्द सगळीकडे होता आणि मावशीच्या ऑपरेशनचा उल्लेख कुठेच नव्हता. मी तो परत पाठवला आणि वर लिहिलं: दादा, परिस्थिती खोड, आईचं ऑपरेशन तारखेसकट लिही.